मेनूची पट्टी पुन्हा गायब? बटणं सोडा, पडद्याचं माप बघा

कारखान्याच्या कंट्रोल रूममधल्या पडद्यावर पानं बदलायची बटणं ज्या पट्टीत असतात, तिच्याबद्दलची तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "साहेब, वरची पट्टी परत गेली." क्लायंट, म्हणजे ऑपरेटरच्या पीसीवर हे पडदे दाखवणारा प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा उघडला की पट्टी जागेवर येते, शिफ्ट निभावते, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच रडगाणं. मग कुणी विंडोजच्या अपडेटवर खापर फोडतं, कुणी ग्राफिक्स कार्डवर, कुणी नेटवर्क स्विचवर. शेवटी कुणीतरी स्टुडिओ, म्हणजे पडदे बनवायचं सॉफ्टवेअर, उघडून पट्टीतलं एकेक बटण तपासतं आणि तिथे सगळं ठीकठाक निघतं. निघणारच. पट्टी आपणहून जात नाही, तिला दुसरा कुठला तरी पडदा बंद करतो. पट्टी गेली त्या क्षणी जो पडदा उघडला, शोध तिथे घ्यायचा.

खालचं बहुतेक सगळं फॅक्टरीटॉक व्ह्यू या सॉफ्टवेअरच्या साइट एडिशनबद्दल आहे, म्हणजे कंट्रोल रूममधल्या पीसीवर चालणाऱ्या आवृत्तीबद्दल. पॅनेलव्ह्यू प्लस या यंत्राजवळच्या टचस्क्रीनवर चालणाऱ्या मशीन एडिशनचा एक वेगळाच त्रास आहे, तो शेवटी घेतलाय. इनटच या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना पहिला अर्धा भाग जवळपास जसाच्या तसा लागू पडेल.

आधी मांडणी समजून घेऊ. उदाहरण साखर कारखान्याचं घेतो, कारण गळीत हंगामाच्या तोंडावर हा प्रश्न हमखास डोकं वर काढतो. मॉनिटर १९२० × १०८० चा. वर ९० पिक्सेल उंचीची पट्टी, तिच्यात मिल, ज्यूस, इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्यूगल, बॉयलर, टर्बाइन, अलार्म, ट्रेंड अशी बटणं. तिच्याखाली ९९० पिक्सेल उंचीचा मुख्य पडदा, त्याचा एक्स ० आणि वाय ९०. नव्वद अधिक नऊशे नव्वद, बरोबर १०८०. पट्टी आणि मुख्य पडदा हे दोन वेगळे डिस्प्ले आहेत, एकाचे दोन भाग नव्हेत. क्लायंट सुरू होताना मॅक्रोमधून (लिहून ठेवलेल्या कमांडच्या यादीतून) पट्टी एकदाच उघडते आणि दिवसभर तशीच राहते. खालचे पडदे येत-जात राहतात.

हे येणं-जाणं ठरतं डिस्प्लेच्या प्रकारावरून. डिस्प्ले सेटिंग्जच्या जनरल पानावर तीन प्रकार असतात: रिप्लेस, ओव्हरले आणि ऑन टॉप. ओव्हरले डिस्प्ले कुणाला बंद करत नाही, नुसता थरावर थर चढतो. ऑन टॉप सतत वर राहतो, फेसप्लेटसाठी (एखाद्या पंपाच्या किंवा मोटारीच्या छोट्या नियंत्रण-खिडकीसाठी) तो बरा. रिप्लेसचा स्वभाव मात्र नीट लक्षात ठेवायचा: उघडताना तो ज्या ज्या उघड्या डिस्प्लेवर चढतो, ते बंद करून टाकतो. आधीचा डिस्प्ले पूर्ण झाकला जायला हवा असं मुळीच नाही, एक पट्टा चढला तरी पुरे.

मुख्य पडदे रिप्लेस ठेवणंच योग्य आहे. मिलवरून बॉयलरवर गेलं की मिलचा पडदा बंद झाला पाहिजे, नाहीतर खाली दहा पडदे उघडे राहतात, प्रत्येक जण आपापले टॅग (यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरमधल्या नाव दिलेल्या किमती) वाचत बसतो आणि दुपारपर्यंत क्लायंट रांगायला लागतो. म्हणून प्रकार बदलून प्रश्न सोडवू नका. 'सगळे ओव्हरले करून टाका, पट्टी जाणार नाही' हा सल्ला मी बऱ्याच ठिकाणी अमलात आलेला पाहिलाय. पट्टी खरंच जात नाही. सिस्टिम मात्र महिन्याभरात बसते.

आता वीस मुख्य पडद्यांपैकी एकाचा वाय ९० ऐवजी ८२ झाला, किंवा ० झाला, तर काय होईल? बाकी एकोणीस पडदे व्यवस्थित चालतील. ऑपरेटर त्या एका पडद्यावर गेला की तो पट्टीवर चढेल आणि पट्टी बंद होईल. पुढच्या पडद्याला पट्टी उघडण्याची कमांडच नाही, त्यामुळे ती परत येत नाही. तो पडदा दिवसातून एकदाच, तेही रात्रपाळीत कुणीतरी उघडत असेल, तर 'कधीही, कारण नसताना' पट्टी जाते अशी सगळ्यांची समजूत होते. कारण असतं, पण ते रोजच्या वाटेवर नसतं.

म्हणून पहिली तपासणी कीबोर्डावर नाही, बोलण्यात करायची. एका कारखान्यात जुन्या ऑपरेटरला विचारलं, "मामा, पट्टी गेली तेव्हा कुठल्या पानावर होता?"

"पॅनवर."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी व्हॅक्यूमचं बघून आलो की. कंडेन्सरचं पान. पर तिथं काय बिघाड नव्हता, साहेब."

कंडेन्सरचं पान उघडलं, पट्टी गेली. इतकं सरळ. मामांनी पॅन सांगितलं कारण पट्टी नाही हे त्यांच्या लक्षात पॅनवर आल्यावर आलं. कंडेन्सरच्या पडद्यात सगळी नजर व्हॅक्यूमच्या आकड्यावर होती. तेव्हा शेवटच्या पडद्यावर थांबू नका, त्याच्या आधीचे दोन-तीन विचारा. कुणालाच आठवत नसेल तर क्लायंट नव्याने सुरू करून सगळे पडदे एकेक करून उघडा. पट्टी जिथे गेली तो पडदा लिहून घ्या, पट्टी परत उघडा आणि पुढे चला. एकच सापडला म्हणून थांबू नका, बहुतेक वेळा दोन-तीन निघतात.

माप बिघडतं कसं

पडदा सापडला, वाय ९० केला, काम झालं असं वाटतं. पण शीर्षकात 'पुन्हा' हा शब्द आहे तो उगाच नाही. माप कशामुळे बिघडलं हे बंद केलं नाही तर पुढच्या बदलाला तेच होणार.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे जनरल पानावरचा 'युझ करंट साइझ' हा पर्याय. तो निवडलेला असेल तर स्टुडिओमध्ये डिस्प्लेची खिडकी जेवढी ओढून ठेवली असेल, तेवढंच माप सेव्ह होतं. एखादा इंजिनिअर लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यातला व्हॉल्व्ह दिसावा म्हणून खिडकी जरा मोठी करतो, व्हॉल्व्हचा टॅग बदलतो, सेव्ह करतो. त्याच्या दृष्टीने त्याने फक्त टॅग बदलला. प्रत्यक्षात पडद्याची उंचीही बदलली. त्यामुळे प्रत्येक मुख्य पडद्यावर, पट्टीवर आणि तळपट्टी असेल तर तिच्यावरही 'स्पेसिफाय साइझ इन पिक्सेल्स' निवडा आणि आकडे हाताने टाका. एक्स आणि वायसुद्धा तिथेच पिक्सेलमध्ये पक्के करा. एवढं केलं की खिडकी कशीही ओढली तरी चालताना माप तेच राहतं.

दुसरं कारण टायटल बार. तो चालू ठेवला तर खिडकीला वर निळी पट्टी येते आणि ती जागा खाते. मुख्य पडद्यांना टायटल बार लागतच नाही. पॉपअपला लागतो, कारण ऑपरेटरला तो बाजूला सरकवायचा असतो. मग होतं असं की कुणीतरी नवा पडदा बनवताना पॉपअपवरून 'सेव्ह अ‍ॅज' करतो, आणि पॉपअपचा टायटल बार, माप, प्रकार असं सगळं गाठोडं बरोबर येतं. 'सेव्ह अ‍ॅज'ला माझा विरोध नाही, पण कशावरून करायचं ते ठरलेलं असावं. प्रोजेक्टमध्ये बरोबर मापाचा एक रिकामा मुख्य पडदा आणि एक रिकामा पॉपअप नमुना म्हणून ठेवा, नावात 'नमुना' असं चक्क लिहा, आणि प्रत्येक नवा पडदा त्यावरूनच काढा.

तिसरं, 'साइझ टू मेन विंडो अ‍ॅट रनटाइम'. हे टिक असेल तर पडदा क्लायंटची सगळी खिडकी व्यापतो. लॉगिनच्या पूर्ण पडद्याला ते ठीक; त्यावरून काढलेल्या मुख्य पडद्यात ते राहून गेलं की पट्टी गेलीच म्हणून समजा. इथे वाय कितीही बरोबर टाकला तरी उपयोग होत नाही, आणि माणूस आकडे बघून बघून चक्रावतो.

शंभर-दीडशे पडद्यांची सेटिंग्ज एकेक उघडून बघणं जिवावर येतं. त्यासाठी स्टुडिओमध्ये डिस्प्लेज या फोल्डरवर राइट क्लिक करून इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा विझार्ड चालवा आणि सगळे डिस्प्ले एक्सएमएलमध्ये काढा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीलाच डिस्प्लेची सेटिंग्ज असतात: प्रकार, रुंदी, उंची, जागा, टायटल बार. नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये 'सगळ्या फाइल्समध्ये शोधा' केलं की वेगळा पडलेला आकडा लगेच उठून दिसतो. दुरुस्ती मात्र एक्सएमएलमध्ये करून परत आत ढकलू नका. स्टुडिओमध्ये तो पडदा उघडा आणि तिथेच बदला. आणि हात लावण्याआधी संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनचा बॅकअप घ्या, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आकडे सगळे बरोबर आहेत, तरी पट्टी जाते?

मग कुठे तरी 'अ‍ॅबॉर्ट' कमांड शोधा. अ‍ॅबॉर्टपुढे डिस्प्लेचं नाव दिलं तर तो डिस्प्ले बंद होतो, 'मी' लिहिलं तर ज्या डिस्प्लेवर बटण आहे तोच बंद होतो, आणि तारा (*) दिला तर उघडे असलेले सगळे. 'होम' बटणाला हा तारा फार प्रिय असतो: उघडे पॉपअप साफ करायचे आणि ओव्हरव्ह्यूवर जायचं, म्हणून कुणीतरी लिहून ठेवतं 'अ‍ॅबॉर्ट तारा, मग डिस्प्ले ओव्हरव्ह्यू'. पॉपअपबरोबर पट्टीही जाते. आधीच्या माणसाने त्यावर उपाय म्हणून तिसरी ओळ 'डिस्प्ले हेडर' अशी टाकलेली असते, हेडर हे पट्टीच्या डिस्प्लेचं नाव. पुढे कुणीतरी ती ओळ खोडतो, किंवा हेडरचं नाव बदलतो, की पुन्हा बोंब. पॉपअप नावानिशी बंद करा, ओळी वाढल्या तरी चालेल. एक्सएमएल काढलेलंच आहे, तर त्यातच अ‍ॅबॉर्ट शोधा. पाच मिनिटांचं काम.

याच जातीचा आणखी एक उपाय सर्रास दिसतो. प्रत्येक मुख्य पडद्याच्या बिहेविअर पानावर स्टार्टअप कमांडमध्ये 'डिस्प्ले हेडर' टाकून ठेवायचं, म्हणजे कुठल्याही पानावर गेलं की पट्टी उघडणार. पट्टी उघडते खरी, पण ज्या पडद्याचं माप चुकलंय तिथे ती त्या पडद्याचा वरचा भाग झाकून बसते. बॉयलरच्या पडद्यावर ड्रम लेव्हलचा (ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा) आकडा वरच्या ओळीत असेल आणि तोच झाकला गेला, तर पट्टी गेलेली परवडली. हा उपाय करू नका. केलेला सापडला तर आधी मापं दुरुस्त करा, मगच तो काढा. उलट क्रमाने केलंत तर त्याच दिवशी फोन येईल.

नव्या आवृत्त्यांमध्ये डिस्प्ले डॉक करण्याची सोय आहे: पट्टी क्लायंटच्या वरच्या किंवा डाव्या कडेला कायमची चिकटवता येते आणि बाकी पडदे उरलेल्या जागेत उघडतात. नवं काम सुरू करत असाल तर सरळ हेच वापरा, वरचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. चालू प्लांटमध्ये मात्र डॉकिंग आणणं म्हणजे सगळ्या पडद्यांचे एक्स-वाय पुन्हा तपासणं. ते ऑफ सीझनमध्ये करा, हंगाम चालू असताना अजिबात नको.

एका स्टेशनवर होतं, दुसऱ्यावर नाही

डिस्प्ले तेच, सर्व्हर तोच, मग फरक क्लायंटमध्ये. दोन्ही पीसींचं रिझोल्यूशन आणि विंडोजचं स्केलिंग बघा. नवा मॉनिटर जोडला की स्केलिंग आपोआप १२५ टक्के झालेलं अनेकदा सापडतं, ते १०० वर आणा. मग क्लायंट फाइल बघा. तिच्यात खिडकी मॅक्झिमाइझ करायची का, टायटल बार दाखवायचा का, हे प्रत्येक स्टेशनसाठी वेगळं ठरतं. एका स्टेशनच्या क्लायंटला टायटल बार आहे आणि खाली टास्कबारही दिसतोय, तर तिथे १०८० पिक्सेल मिळतच नाहीत. वरची पट्टी राहते, पण तळाला अलार्म पट्टी असेल तर ती कापली जाते. सगळ्या स्टेशनना एकच क्लायंट फाइल द्या. ज्याला वेगळी हवी असेल त्याने कारण सांगावं.

 

दुरुस्त केलं, महिन्याने जुनंच परत आलं

हा प्रकार भुताटकीसारखा वाटतो आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. मापं दुरुस्त केली, सगळं छान चाललं, आणि एके दिवशी प्रत्येक स्टेशनवर जुनी पट्टी, जुनी बटणं, जुनीच चूक. वीज जाऊन आली, किंवा सर्व्हरवर काही काम झालं, एवढंच काय ते निमित्त.

जिथे एचएमआय सर्व्हरची (ऑपरेटरचे पडदे साठवून क्लायंटला देणाऱ्या पीसीची) जोडी असते, मुख्य आणि राखीव, तिथे हे होतं. स्टुडिओमध्ये केलेला बदल चालू असलेल्या सर्व्हरवर सेव्ह होतो. डिस्प्ले, मॅक्रो वगैरे एचएमआयच्या गोष्टी राखीव सर्व्हरवर आपणहून जात नाहीत, त्या मुद्दाम पाठवाव्या लागतात. एचएमआय सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधल्या रिडंडन्सी पानावरून त्याची नक्कल करता येते. ती कुणी केली नाही तर राखीव सर्व्हर जुन्याच पडद्यांसह शांतपणे वाट बघत बसतो, आणि ज्या दिवशी त्याच्यावर काम येतं त्या दिवशी जुनं सगळं परत येतं. काम हातावेगळं करण्याआधी नक्कल करा, आणि शक्य असेल तर उत्पादन बंद असताना राखीव सर्व्हरवर मुद्दाम जाऊन दोन-चार पडदे उघडून बघा.

याच्या उलट तक्रार, 'बदल केला, पण स्टेशनवर दिसतच नाही', तिची दोन साधी कारणं असतात. पट्टी दिवसभर उघडीच असते, त्यामुळे ती बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत तिच्यातला बदल दिसणार नाही. आणि एखाद्या पडद्याला 'कॅश आफ्टर डिस्प्लेइंग' चालू असेल तर क्लायंट आपल्याजवळची जुनी प्रत दाखवत राहतो. 'फ्लशकॅश' कमांड द्या किंवा क्लायंट पुन्हा सुरू करा. कॅश फक्त खरोखर जड पडद्यांनाच ठेवावी असं माझं मत आहे. सगळ्यांना सरसकट लावली की दुरुस्तीच्या वेळी आपलाच गोंधळ उडतो.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

इथे अंदाज बांधत बसू नका. क्लायंटच्या खाली डायग्नोस्टिक्सची यादी दिसण्याची सोय असते, ती दिसायला नीटनेटकं वाटावं म्हणून बंद केलेली असते. इंजिनिअरिंग स्टेशनवर तरी चालू करा. बटण दाबल्यावर तिथे जी ओळ येते, तिच्यावरून पुढची दिशा कळते.

डिस्प्ले सापडत नाही असं म्हणत असेल तर बहुतेक कुणीतरी त्याचं नाव बदललंय. स्टुडिओमध्ये नाव बदललं म्हणजे बटणांमधल्या कमांड आपोआप बदलत नाहीत. नावात मोकळी जागा असेल तर कमांडमध्ये ते नाव अवतरणचिन्हांत द्यावं लागतं. मोकळी जागा न ठेवणं हा त्याहून सोपा मार्ग. अ‍ॅप्लिकेशनमध्ये एकापेक्षा जास्त एरिया (विभाग) असतील, समजा बॉयलरचा एक आणि मिलचा एक, तर नुसतं नाव दिल्यावर डिस्प्ले आपल्याच एरियात शोधला जातो. पट्टी बॉयलरच्या एरियात आहे आणि मिलचा पडदा मिलच्या, तर पट्टीतल्या कमांडमध्ये आधी तिरकी रेघ (/), मग एरियाचं नाव, मग दोन अपूर्णविराम (::), मग डिस्प्लेचं नाव, असा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. दोन्ही एरियांत 'ओव्हरव्ह्यू' नावाचा पडदा असेल तर त्रुटीसुद्धा येत नाही, भलताच ओव्हरव्ह्यू उघडतो.

आणि इंजिनिअरच्या लॉगिनवर चालतं, ऑपरेटरच्या लॉगिनवर नाही, असं असेल तर सिक्युरिटी कोड. प्रत्येक डिस्प्लेला ए ते पी अशा सोळा कोडपैकी एक देता येतो, किंवा तारा, म्हणजे सर्वांना खुला. ऑपरेटरच्या गटाकडे तो कोड नसेल तर पडदा उघडत नाही. तपासणी नेहमी ऑपरेटरच्या लॉगिनवर करावी, ती याचसाठी. इंजिनिअरच्या लॉगिनला सगळीच दारं उघडी असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

पंप दोनवर क्लिक, फेसप्लेट पंप एकचं

ही तक्रार पट्टीपेक्षा गंभीर आहे. पट्टी गेली तर गैरसोय होते; इथे भलताच पंप बंद होऊ शकतो. इम्बिबिशन वॉटरच्या (मिलमधल्या उसाच्या चोथ्यावर सोडायच्या पाण्याच्या) दोन पंपांसाठी एकच फेसप्लेट डिस्प्ले असतो आणि कोणता पंप ते बटणाच्या कमांडमधून पाठवलं जातं: एकतर पॅरामीटर फाइलचं नाव, नाहीतर थेट टॅग. फेसप्लेटच्या आत टॅगच्या जागी #१, #२ असे खुंटे असतात, त्यावर तो टॅग बसतो. पंप एकचं चित्र कॉपी करून पंप दोनच्या जागी ठेवलं, वरचं अक्षरी नाव बदललं, कमांडमधला पॅरामीटर तसाच राहिला, की झालं. चित्राचा रंग दुसऱ्या टॅगवरून येत असल्यामुळे पडद्यावर सगळं बरोबरच दिसतं.

दुरुस्ती सोपी, पॅरामीटर बदला. पण अशी चूक पुढे डोळ्यांना दिसावी यासाठी फेसप्लेटच्या डोक्यावरचं नाव कधीही हाताने टाइप केलेलं ठेवू नका. ते नावही त्याच #१ मधून, पीएलसीमधल्या त्याच टॅगच्या वर्णनाच्या स्ट्रिंगमधून आणा. मग पंप दोनवर क्लिक करून डोक्यावर 'पंप १' आलं की ऑपरेटर स्टॉप दाबण्याआधी थबकतो. शक्य असेल तिथे चित्र आणि बटण एकाच ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये (एकदा बनवून सगळीकडे वापरायच्या चित्रात) ठेवा आणि टॅग एकाच ठिकाणी द्या, म्हणजे रंग एकाचा आणि फेसप्लेट दुसऱ्याचं असं होऊच शकत नाही. प्लांटच्या चाचणीत प्रत्येक मोटारचं फेसप्लेट उघडून नाव जुळतंय का हे बघितल्याशिवाय सही करू नये. कंटाळवाणं आहे, पण करावंच.

चालू पानाचं बटण उजळवायचंय

पट्टीत आपण सध्या कुठल्या पानावर आहोत ते दिसावं ही मागणी रास्त आहे. ती पुरी करण्यासाठी लोक एचएमआयमध्ये एक मेमरी टॅग बनवतात: मिलचं पान उघडताना त्यात १ लिहायचा, बॉयलरला ६, आणि बटणाचा रंग त्या टॅगवर. एका पीसीवर झकास चालतं. दुसरा पीसी चालू केला की दोन्हीकडची बटणं एकमेकांच्या तालावर उजळायला लागतात, कारण तो टॅग सर्व्हरवर आहे आणि सगळ्या क्लायंटसाठी एकच आहे. बॉयलरचा ऑपरेटर आपल्या पडद्यावर आणि पट्टी मात्र 'मिल' दाखवतेय.

मी टॅगच वापरत नाही. मुख्य पडद्याच्या सगळ्यात वरच्या सात-आठ पिक्सेलमध्ये, त्या पानाच्या बटणाच्या बरोबर खाली, एक रंगीत आडवी रेघ नुसती काढून ठेवतो. पडदा बदलला की रेघ आपोआप दुसऱ्या बटणाखाली दिसते. कुठलाही टॅग नाही, कुठलंही लॉजिक नाही, कितीही स्टेशन जोडा.

बटणांची संख्या वाढत गेली की पट्टीच अपुरी पडते. आयएसए-१०१ हे २०१५ चं मानक पडद्यांची चार पातळ्यांत विभागणी सुचवतं: संपूर्ण प्लांट, एकेक विभाग, विभागातली उपकरणं, आणि निदानाचे तपशील. पट्टीत दुसऱ्या पातळीपर्यंतचीच बटणं ठेवा. तिसऱ्या पातळीला पडद्यावरच्या चित्रावर क्लिक करून जाता यावं. ज्या पट्टीत बॅगॅस कन्व्हेयरला स्वतंत्र बटण आहे, तिथे ड्रम लेव्हल शोधायला वेळ लागणारच.

दुसऱ्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात

इनटचमध्ये रिप्लेस, ओव्हरले, पॉपअप हेच प्रकार आहेत आणि रिप्लेस खिडकी जिला छेदते तिला बंद करते, त्यामुळे मापांचा सगळा भाग तिथेही लागू. विनसीसीमध्ये मुख्य पडदा पिक्चर विंडो नावाच्या चौकटीत उघडतो, तो चौकटीबाहेर जाऊच शकत नाही. तिथे पट्टी जात नाही, पण माप चुकलं की पडदा कापला जातो किंवा स्क्रोल बार येतात. इग्निशन व्हिजनमध्ये पट्टी डॉक केलेली असते, ती सुरक्षित. तिथे मुख्य खिडक्यांसाठी स्वॅप न वापरता नुसतं ओपन वापरलं की जुन्या खिडक्या खाली साठत जातात आणि क्लायंट जड होतो.

आणि पॅनेलव्ह्यू

मशीन एडिशनमधली तक्रार वेगळी: मेनूचं बटण दाबलं तरी पान बदलत नाही, किंवा पॅनेल एकाच पानावर अडकून बसतं. टचस्क्रीन गेली म्हणून नवा पॅनेल मागवायच्या आधी ग्लोबल कनेक्शन्समध्ये 'रिमोट डिस्प्ले नंबर'ला टॅग जोडलाय का बघा. या टॅगमध्ये पीएलसीने पानाचा क्रमांक लिहिला की पॅनेल त्या पानावर जातं, ट्रिप झाल्यावर (यंत्र सुरक्षेसाठी आपोआप बंद पडल्यावर) अलार्मचं पान आपोआप आणण्यासाठी हे वापरतात. पण टॅगमध्ये शून्य सोडून दुसरा आकडा असेपर्यंत पानांचा ताबा पीएलसीकडेच राहतो आणि ऑपरेटरची बटणं चालत नाहीत. लॉजिक लिहिणाऱ्याने क्रमांक टाकलेला असतो, परत शून्य करायचं राहून गेलेलं असतं.

तिथेच 'डिस्प्ले नंबर' नावाचं दुसरं कनेक्शन असतं, पॅनेलवर सध्या कुठलं पान उघडं आहे ते त्यातून पीएलसीला कळतं. लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ (रंग, rung) टाका: सध्याच्या पानाचा क्रमांक मागितलेल्या क्रमांकाइतका झाला की रिमोट डिस्प्ले नंबरमध्ये शून्य लिहायचा. टायमर लावून शून्य करू नका, पॅनेल त्या वेळी बंद असेल तर मागणी हवेत विरते. आणि दोन पॅनेल असतील तर दोघांना वेगवेगळे टॅग द्या, नाहीतर मिलवरच्या ट्रिपला सेंट्रिफ्यूगलच्या पॅनेलवरचं पानसुद्धा उडी मारेल.